सोमवारी दुःखाची रहस्यं

संपादक साहेब, नमस्कार,

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाने लिहिलंय की अपघात झाला की लोक मेणबत्त्या लावतात, प्रार्थना करतात आणि घरी जाऊन झोपतात, त्याने काय लोकलला दरवाजे बसणारेत का. नाही बसणार, मान्य. पण त्या मेणबत्तीवाल्यांत मीपण होते म्हणून लिहिते, लांबलं तर कापा.

मी दिव्याला राहते, ऑफिस ठाण्याला. 9 जून 2025, सोमवार. मुंब्र्याजवळ दोन लोकल शेजारून गेल्या, एक कसाऱ्याची, एक सीएसएमटीची, आणि दोन्हीकडचे दारात लटकलेले लोक एकमेकांना घासून खाली पडले. चार जण त्याच दिवशी गेले. मी त्याच्या आधीच्या गाडीने आलेले, मला खरचटलंही नाही, ऑफिसात चहा घेत होते तेव्हा नवऱ्याचे सात मिस्ड कॉल दिसले आणि मग तो व्हिडिओ. दिवसभर हात थरथरत होते. त्यात ग्रुपवर एकेक शहाणे, लटकायचं कशाला, नशीब एकेकाचं, वगैरे. अरे बाबा एकदा सकाळी दिव्यातून चढून दाखव ना.

संध्याकाळी स्टेशनला जायची हिंमतच होईना. माझ्या टेबलाशेजारी एक ताई बसते, कॅथलिक, ठाण्याचीच. म्हणाली चल माझ्याबरोबर, बसू थोडा वेळ, गर्दी कमी झाली की जा. तलावपाळीजवळचं सेंट जॉन चर्च मी बाहेरून शंभर वेळा पाहिलेलं, आत पहिल्यांदाच गेले. (मी हिंदूच आहे, अजूनही, आमच्या सासूबाईंनी हे पत्र वाचलं तर म्हणून सांगते.)

ताईने पर्समधून जपमाळ काढली. आपली 108 मण्यांची, त्यांची दहा-दहा मण्यांचे पाच भाग, आणि प्रत्येक भागाला येशूच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरायचा, त्याला रहस्य म्हणतात. हळूच म्हणाली, सोमवारी खरं तर आनंदाची रहस्यं असतात, पण आज मी दुःखाची म्हणणार, देव काय वार बघत बसलाय. मग येशू पकडला जाण्याआधीची बागेतली ती घाबरलेली रात्र, फटके, काट्यांचा मुकुट, खांद्यावर क्रूस, शेवटी क्रूसावरचं मरण. मला शब्द येत नव्हते, मी नुसती मणी मोजत होते. चौथ्या भागाला रडू आलं, त्या चौघांच्या आया डोळ्यासमोर आल्या.

मग तिने मोबाईलवर बायबलमधलं 13 वं स्तोत्र दाखवलं. पहिल्या दोन ओळींतच चार वेळा देवाला विचारलंय, अजून किती काळ? मी बघतच राहिले. मला वाटायचं चर्चमध्ये सगळं गुडी गुडी असतं, देव चांगलं करेल टाईप. हे तर आपल्या जनाबाईसारखं, विठोबाला तोंडावर सुनावणारं. मी पण मनात सुनावलं, भरपूर सुनावलं, रेल्वेलाही त्यातच घेतलं. सकाळपासून मला जो तो समजावत होता, इथे कुणीच काही समजावलं नाही.

बाहेर पायरीवर ताई म्हणाली, शीळफाट्याची बिल्डिंग पडली ना 2013 ला, 4 एप्रिल, 74 माणसं गेली, तेव्हा ईस्टरचा आठवडा होता आमचा. चर्चमध्ये आलेलुया, म्हणजे देवाच्या स्तुतीचं आनंदाचं गाणं चालू आणि माझ्या तोंडातून फुटेना. मी विचारलं मग काय केलंस? म्हणाली काय नाय, बाकीचे म्हणत होते, मी त्यांच्यात उभी राहिले.

त्या वाचकाला एवढंच सांगायचंय की आम्ही देवाकडे दरवाजे मागायला गेलोच नव्हतो. ते रेल्वेकडेच मागायचे, आणि नवीन लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे देऊ असं त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलंय, ते कात्रण माझ्याकडे आहे आणि मी दर महिन्याला अर्ज टाकते. पण त्या रात्री मला घरी जायचं होतं, त्याच लाईनने, त्याच मुंब्र्यावरून.

साडेनऊची लोकल पकडली. ताईने जपमाळ माझ्या हातात कोंबली होती, उद्या दे म्हणाली. कळवा गेलं की मुठीत धरली ती दिवा येईपर्यंत.

- एक लोकल प्रवासी, दिवा