दिएंगला एक दिवस पुरत नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नागपूरची मंडळी इंडोनेशियाला निघाली की बहुतेकांची गाडी बालीपाशीच थांबते. जावा बेटापर्यंत जाणारे योग्याकार्ता शहरात उतरून बोरोबुदुरचा बौद्ध स्तूप आणि प्रांबाननची हिंदू मंदिरे पाहतात आणि उरलेल्या एका दिवसात दिएंगचे पठार, म्हणजे मध्य जावाच्या डोंगरांतला जुन्या मंदिरांचा आणि ज्वालामुखी विवरांचा उंच प्रदेश, उरकतात. आमचा आक्षेप या 'उरकण्या'ला आहे. योग्याकार्ताहून सकाळी निघालेली गाडी तीन-चार तासांनी वर पोचते आणि दुपारी तिथे धुके उतरते. एवढा खर्च करून माणूस पांढऱ्या पडद्यासमोर उभा राहतो.

त्याऐवजी वोनोसोबोला मुक्काम करावा. दिएंगपासून २६ किलोमीटरवरचे हे छोटे गाव आहे. नावात वन आणि सभा हे आपल्या ओळखीचे दोन शब्द आहेत, आणि जवळच सिंदोरो (३,१३६ मीटर) व सुंबिंग (३,३७१ मीटर) हे दोन ज्वालामुखी. पहिली रात्र इथे आणि दुसरी वर दिएंग गावात काढली, की पहाट आणि सकाळ हे खरे मोलाचे तास हाती लागतात.

नागपूरहून जावाला थेट विमान नाही. मुंबईमार्गे सिंगापूर किंवा क्वालालंपूर गाठून तिथून योग्याकार्ता, हा सोयीचा रस्ता. योग्याकार्ताचा नवा विमानतळ शहरापासून बराच पश्चिमेला आहे, त्यामुळे शहरात न शिरता पुर्वोरेजोवरून थेट वोनोसोबोला निघावे. पोचल्यावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, ५ लाख रुपियाचा (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन, आपला रुपया नव्हे). पासपोर्टची मुदत किमान सहा महिने उरलेली हवी. वर जाण्याआधी वोनोसोबोतच रोख पैसे काढून ठेवावेत. वोनोसोबोहून दिएंगला छोट्या बस जातात, दीड तास धरावा. दिवेलागणीआधीच त्या बंद होतात, म्हणून परतीची वेळ चालकाला चढतानाच विचारावी.

फसगत होते ती कपड्यांची. मे-जूनच्या नागपुरी उन्हातून निघालेला माणूस सुती कपडेच भरतो. दिएंग समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटरवर, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तर पहाटे गवतावर बर्फाचा थर धरतो. बटाट्याची पाने करपवणाऱ्या या दवाला तिथले शेतकरी 'एम्बुन उपास', म्हणजे विषारी दव म्हणतात. कानटोपी, स्वेटर आणि वाऱ्याचे जाकीट तिघांनाही पर्याय नाही. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात, ही आपली जमेची बाजू. जूनचा पहिला पंधरवडा गाठावा. तिथे पाऊस संपलेला असतो आणि तिथल्या शाळांच्या सुट्टीची गर्दी अजून व्हायची असते. दिवाळीची सुट्टी मात्र या प्रवासाला नको, तेव्हा पावसाला सुरुवात होते.

सिकुनिरच्या टेकडीवरून सूर्योदय पाहायचा तर दिएंगहून पहाटे चारच्या आत निघावे. गाडी सेम्बुंगान गावातल्या तळ्यापाशी थांबते, पुढे अर्ध्या-पाऊण तासाची चढण. पायऱ्या दवाने निसरड्या असतात, म्हणून विजेरी आणि पकड असलेले बूट हवेत. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, गजर लावताना हे विसरू नये.

उतरल्यावर धुक्याआधी अर्जुन मंदिरसमूह गाठावा. अर्जुन, सेमार, श्रीकांदी, पुंतादेवा, सेंबाद्रा अशी पाच छोटी दगडी मंदिरे एका जागी आहेत. जावातल्या सर्वांत जुन्या हिंदू मंदिरांत यांची गणना होते आणि इथला एक शिलालेख इ.स. ८०९चा आहे. ही पांडवांनी बांधलेली मंदिरे, असे आपल्याकडचे काही मार्गदर्शक सांगतात. ते चूक आहे. ही शिवमंदिरे आहेत. नावे पुष्कळ नंतर, लोकांनी छायाबाहुल्यांच्या खेळातल्या पात्रांवरून दिली. सेमार तर महाभारतात नाहीच. तो जावाच्या खेळातला पांडवांचा लठ्ठ, शहाणा सेवक. अर्जुन मंदिराच्या अगदी समोर, त्याच्याकडे तोंड करून असलेली बुटकी आडवी वास्तू त्याची. अर्जुन मंदिराच्या उत्तरेच्या भिंतीत अभिषेकाचे पाणी बाहेर जायची वाट आहे, ती जरूर पाहावी. आपल्याकडच्या शिवालयातही ती याच बाजूला असते.

सिकिदांगच्या विवरात राखाडी चिखल सतत रटरटत असतो. 'किदांग' म्हणजे हरिण. चिखलाचे तोंड जागा बदलत उड्या मारते, म्हणून हे नाव. गंधकाच्या वासासाठी मास्क ठेवावा, पण खरा धोका वास नसलेल्या वायूचा आहे. २० फेब्रुवारी १९७९ रोजी याच पठारावरच्या सिनिला विवरापाशी कार्बन डायऑक्साइडने दीडशेच्या आसपास गावकऱ्यांचा जीव घेतला. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो. म्हणून लाकडी वाट सोडून खड्ड्यात, ओघळीत उतरू नये आणि बंद केलेल्या विवराकडे कुणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नये. तेलागा वार्ना हे गंधकामुळे हिरवे-निळे दिसणारे तळे उन्हातच रंग दाखवते. ते दुसऱ्या जिल्ह्यात येते, त्याचे तिकीट वेगळे.

शाकाहाऱ्यांनी 'मी ओंगक्लोक' या वोनोसोबोच्या नूडल्सच्या पदार्थाबाबत जपावे. नूडल्स, कोबी आणि पातीची भाजी बांबूच्या छोट्या टोपलीत घालून उकळत्या पाण्यात हिसडतात आणि वर दाट, चिकट रस्सा ओततात. त्या रश्श्यात बहुधा सुकी कोळंबी असते. 'तान्पा दागिंग, तान्पा ऊदांग' (मांस नको, कोळंबी नको) हे शब्द पाठ करावेत. 'तेम्पे केमुल' मात्र निर्धास्त खावे: आंबवलेल्या सोयाबीनच्या चकत्या हळदीच्या पिठात बुडवून तळलेल्या, आपल्या भज्यांची बहीणच. तळणीचे तेल वेगळे हवे असेल तर तेवढे विचारून घ्यावे. सोयाबीन पिकवणाऱ्या विदर्भाने हा पदार्थ एकदा तरी चाखायला हवा.

नागपूरहून निघणारा जशी संत्रा बर्फी घेतो, तशी तिथून कारिका घेतात. पपईच्या जातीतले हे छोटे पहाडी फळ, फोडी करून पाकात ठेवलेले. पाक असल्यामुळे बाटल्या विमानात हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत. मोठ्या बॅगेत, कपड्यांत गुंडाळून ठेवाव्यात.

नागपुरातल्या सहल कंपन्यांना विनंती, की जावाच्या कार्यक्रमात या दोन रात्री घालाव्यात. बालीतली एक कमी केली तरी चालेल.

आपले विश्वासू,
दोन वाचक, धरमपेठ, नागपूर