पाप की आजार, असं तू विचारलंस

प्रिय मित्रा,

प्रभूच्या नावात सलाम.

परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "धाकट्याचं व्यसन पाप आहे की आजार, एकदाचं काय ते सांग," आणि मी गप्प झालो. रेंज गेली असं तुला वाटलं असेल. रेंज होती. तुझ्या आवाजातला थकवा ऐकून मला काही सुचेना, म्हणून आज लिहायला बसलोय.

तुझे पाळक पाप म्हणतात, डॉक्टर आजार म्हणतात. मला वाटतं तुला खरं विचारायचंय ते वेगळंच. पाप असेल तर धाकट्यावर मनसोक्त चिडता येईल, आजार असेल तर त्याची कीव करता येईल, आणि सध्या एकाच तासात दोन्ही होतंय, त्यानं तू पिळून निघालायस. ते एकच एक होईल अशी आशा ठेवू नकोस. माझ्या बायकोचं अजून होतं.

माझी गोष्ट तुला अर्धी माहीत आहे. पाठीच्या ऑपरेशननंतर वेदनाशामक गोळ्या लागल्या, दुखणं तीन महिन्यांत गेलं आणि गोळ्या चार वर्षं राहिल्या, इथवर. उरलेली अर्धी अशी. रविवारी उपासनेला जाताना चष्म्याच्या डबीत, पुसायच्या फडक्याखाली सहा गोळ्या असायच्या. ती डबी उघडताना 'कट्' असा आवाज व्हायचा. म्हणून मी गीताच्या ध्रुपदाची वाट बघायचो. सगळे उभे, डोळे मिटलेले, पेटी जोरात, तेवढ्यात एक गोळी तोंडात. पाणी नाही, तशीच चावायची. मग प्रभुभोजनाचं ताट फिरत यायचं आणि त्या कडूजहर जिभेवर मी भाकरीचा तुकडा ठेवायचो. लाज वाटायची म्हणशील तर नाही. मी हिशेबात असायचो. दुपारी दोन, रात्री दोन, म्हणजे उद्या सकाळी एकच उरते, मग कोणत्या डॉक्टरला काय थाप मारायची.

आता यातलं पाप कुठलं आणि आजार कुठला, ते तूच वेगळं काढून दाखव. थापा मारत होतो ते पापच, त्याला दुसरं नाव देणार नाही. पण गोळी चुकली की अंगावर काटा, नाकाडोळ्यांतून धारा, पोटात पिळा आणि पायांना अशी झिणझिण की रात्रभर पलंगावर लाथा झाडायच्या, ते काही मी ठरवून करत नव्हतो. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात प्रेषित पौल कबूल करतो की जे करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच मी करत बसतो. व्यसनमुक्तीच्या गटात मी हे पहिल्यांदा मोठ्यानं वाचलं तेव्हा चर्चचं तोंडही न पाहिलेला एक जण म्हणाला, "हा आपल्यातलाच दिसतो."

तुझ्या पाळकांनी गलतीकरांस पत्रातलं 'चेटके' काढून दाखवलं असेल. मूळ ग्रीक शब्द 'फार्माकेया', फार्मसी हा शब्द त्याच कुळातला, म्हणून पौलानं ड्रग्जचं नावच घेतलंय, असा तो युक्तिवाद. मला तो ओढूनताणून वाटतो. तिथे तो शब्द मूर्तिपूजेला लागून येतो. जादूटोणा, मंतरलेली औषधं, विषप्रयोग असा त्याचा रोख आहे. ओवी बसवण्यासाठी शब्द पिळू नये. त्यापेक्षा नीतिसूत्रांचा 23वा अध्याय शेवटपर्यंत वाच. लालभडक डोळे, कारण नसताना झालेल्या जखमा, समुद्रात डोलकाठीच्या टोकावर निजल्यासारखं डोकं, आणि शुद्धीवर यायच्या आत पहिला विचार, पुन्हा दारू कुठे मिळेल. लिहिणाऱ्यानं हे जवळून पाहिलेलं होतं. आणि करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो की मला मोकळीक सगळ्याची आहे, पण मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही. शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर, हे वाक्य त्याच अध्यायात पुढे येतं. आपण मंदिर तेवढं उचलतो आणि फटकारायला वापरतो. ताबा कुणाचा, हा प्रश्न मागेच राहतो.

एका उपदेशात मला ऐकवलं गेलं होतं की वधस्तंभावर येशूनंसुद्धा गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला, मग तुला गोळ्या कशाला? मार्काच्या शुभवर्तमानात तो नाकारल्याचं आहे, का नाकारला हे नाही. आणि वाटेत पडलेल्या जखमी माणसाच्या अंगावर तेल आणि द्राक्षारस ओतणारा चांगला शमरोनी कुणाच्या दाखल्यातला? दुसऱ्याला दुखत असताना येशूनं कधी औषध काढून घेतलेलं नाही.

जुन्या लोकांना हे आपल्यापेक्षा बरं कळत होतं, असं मला कधी कधी वाटतं. उत्तर आफ्रिकेतल्या ऑगस्टीन नावाच्या बिशपनं इसवी सन 400च्या आसपास लिहून ठेवलंय: इच्छा वाकडी झाली की वासना होते, वासनेचे लाड केले की सवय, आणि सवयीला अडवलं नाही की गरज. कड्यात कडी अडकवावी तसं. त्याच्यापुढे प्रश्न मद्याचा नव्हता, पण साखळी हीच. कॅथलिकांच्या 1992च्या धर्मशिक्षण ग्रंथातही दोन्ही बाजू आहेत. उपचाराखेरीज ड्रग्ज घेणं हा गंभीर अपराध, असं एकीकडे. आणि सवय किंवा मानसिक कारणांनी माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असं दुसरीकडे. आपल्या व्यासपीठांवरून पहिलंच वाक्य जोरात येतं.

(तोऱ्यात बोलायला आपण कुणी धुतल्या तांदळाचे नाही म्हणा. 1830च्या दशकात चीनच्या किनाऱ्यावर अफूच्या जहाजांवर कार्ल ग्युत्झलाफ नावाचा मिशनरी दुभाषा म्हणून जायचा. त्याच जहाजावरून अफूची पेटी उतरायची आणि शुभवर्तमानाच्या पत्रिकाही.)

चीनवरूनच मला तुला ज्याच्याबद्दल सांगायचंय तो माणूस आठवला. जी तियानशियांग. कॅथलिक, पेशानं वैद्य, गोरगरिबांकडून पैसे न घेणारा. पोटाच्या दुखण्यावर औषध म्हणून त्यानं अफू घेतली आणि अफूनं त्याला घेतलं. तो पापनिवेदनाला जायचा, पुन्हा पुन्हा तेच सांगायचा. शेवटी धर्मगुरूनं सांगितलं की तुझी सोडायची इच्छाच दिसत नाही, तेव्हा तुला क्षमाविधी नाही. म्हणजेच ख्रिस्तप्रसादही नाही. व्यसन हा आजार असू शकतो हे त्या धर्मगुरूच्या गावीही नसावं. हा माणूस 30 वर्षं प्रभूच्या मेजावाचून राहिला आणि 30 वर्षं चर्चला येत राहिला. विचार कर. आपल्याला कुणी एका रविवारी पुढच्या बाकावरून उठवलं तर आपण मंडळी बदलतो.

1900 साली चीनमधल्या परकीयांविरुद्धच्या आणि ख्रिस्ती लोकांविरुद्धच्या बॉक्सर बंडात त्याला कुटुंबासकट धरलं. ख्रिस्त नाकारला तर सुटका होती. त्यानं नाकारलं नाही. उलट मला सगळ्यांच्या शेवटी मारा अशी विनंती केली, म्हणजे मरताना घरातलं कुणी एकटं पडणार नाही. 1 ऑक्टोबर 2000 रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चीनच्या 120 हुतात्म्यांना संत घोषित केलं, त्यांत हाही आहे. त्याची अफू सुटल्याची कुठे नोंद नाही.

हे वाचलं तेव्हा मी सोडून दोन वर्षं झाली होती आणि मला रडू आलं. आपल्याकडे साक्ष द्यायला पुढे बोलावतात ते मॅट टॅल्बटसारख्यांना. डब्लिनचा हमाल, 1884मध्ये 28व्या वर्षी दारू सोडली ती 1925मध्ये मरेपर्यंत शिवली नाही. माझा त्याच्यावर राग नाही, उलट त्याच्या दोन गोष्टी धाकट्याच्या कामाच्या आहेत. त्यानं शपथ घेतली ती जन्माची नाही, आधी फक्त तीन महिन्यांची. आणि वाटेत पाय वळू नयेत म्हणून तो खिशात पैसेच ठेवेना. पण ज्याला टॅल्बट होणं जमलं नाही, पडत-धडपडत जो येतच राहिला, त्याला आपल्या मंडळीत जागा कुठे असते ते मला सांग. टॅल्बटची साक्ष ऐकून धाकटा टाळ्या वाजवेल आणि बाहेर जाऊन दुप्पट ओढेल. मी तेच केलं होतं.

आता कामाचं बोलतो. हे नीट वाच.

उपास-प्रार्थनेला बसवून त्याला खोलीत कोंडायचा जो बेत चाललाय, तो मोडून काढ. तो गर्दबरोबर, म्हणजे त्या हलक्या हेरॉईनबरोबर, रोज दारूही पितो असं तू म्हणालास. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारू एकदम तोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर हवा, प्रार्थना त्याच्या शेजारी बसून कर. गर्दचं उलटं आहे. सुटतानाचे हाल भयंकर, पण खरा धोका त्यानंतर. महिनाभर स्वच्छ राहिला की शरीराची सहनशक्ती उतरते, मग घसरला आणि जुन्याच मापानं घेतली की श्वास थांबतो. म्हणजे पहिलं घसरणं हेच सगळ्यात जीवघेणं. नालोक्सोन नावाचं औषध त्यावर उतारा आहे, डॉक्टरांना विचारून घरात ठेव. त्यांनी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही गर्दऐवजी मोजून द्यायची औषधं सुचवली तर 'एक नशा सोडून दुसरी' असं मंडळीतलं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापात औषध घेऊन कामावर जाणारा माणूस मी पाहिलाय.

त्याला रोख पैसे देऊ नकोस, आणि त्याच्या ऑफिसात त्याच्यासाठी खोटं बोलणं आजपासून बंद कर. ताट मात्र वाढलेलं ठेव. यात मला तरी विसंगती दिसत नाही.

गटाला त्याला घेऊन ये. नाव, आडनाव, मंडळी कुणी विचारत नाही. गटात व्यसनातून बाहेर पडायच्या ज्या बारा पायऱ्या शिकवतात त्यांचं मूळही आपल्यातच आहे: 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलले. दोघंही एका ख्रिस्ती चळवळीच्या बैठकांना जाणारे. चुकांची कबुली, केलेल्या नुकसानाची भरपाई, हे सगळं तिथलंच. पुढे त्यांनी पायऱ्यांत देवाचं नाव ठेवलं, पण 'आम्हाला जसा समजला तसा' असं जोडून. काही पाळकांना ते खटकतं. मला त्यात शहाणपण दिसतं, कारण मी पहिल्या दिवशी आलो तेव्हा देवावर इतका चिडलेलो होतो की त्याचं नाव घेतलं असतं तर उठून गेलो असतो.

लाजराची गोष्ट आठव. हाक मारून थडग्यातून बाहेर काढलं येशूनं. पण तो बाहेर आला तो हातापायांना प्रेतवस्त्रं गुंडाळलेला, तोंडावर रुमाल. ते येशूनं सोडलं नाही. उभ्या असलेल्यांना सांगितलं, याला मोकळा करा. चार दिवसांच्या प्रेताच्या चिंध्या, वास मारणाऱ्या, कुणीतरी हातानं उलगडल्या असतील. त्यांची नावं योहानानं लिहिलेली नाहीत. माझ्या वेळी त्यांतला एक तू होतास. ती चष्म्याची डबी तुझ्या हातात दिली तेव्हा तू काही बोलला नाहीस, गोळ्या मोजल्यास आणि म्हणालास, "चार आहेत. उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं, तोवर मी इथेच झोपतो." आणि खरंच जमिनीवर चटई टाकून झोपलास. घोरत होतास.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला मी तुझ्याकडे येतो. त्याला आधी काही सांगू नकोस, नाहीतर तो घरात थांबणार नाही. आलो की आम्हा दोघांना सोडून तू चहा टाकायला आत जा, आणि जरा वेळ लाव.

वहिनींना आणि आईंना सलाम.

तुझाच,
मी