बाबा, टाका मारून भागलं नसतं

हर्णै,
दिव्यांच्या अवसेचा आदला दिवस

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रिक्षाच्या मागच्या बंपरचं हे फोनवर बोलण्यात काही अर्थ नाही. तुम्हाला अर्धं ऐकू येतं, उरलेलं अर्धं आई सांगते, आणि ती सांगते त्यात तिचं मत मिसळलेलं असतं. परवा तुम्ही "नवा बंपर कशाला? जुन्याला वेल्डिंगचा एक टाका मारला असता तरी भागलं असतं," एवढं म्हणून फोन दादाकडे दिलात, तो दिलातच. म्हणून लिहून कळवते. डोळ्यांत थेंब घालायच्या वेळा सांभाळून वाचा, नाहीतर दादाला वाचायला सांगा. आई, मधला सगळा मजकूर पाइप आणि नट-बोल्टचा आहे. तुझं शेवटी लिहिलंय.

तर, टाका मारून भागलं नसतं. वरून बंपर ठीक दिसत होता हे खरं. दर दिवाळीला तुम्ही काळ्या रंगाचा हात देत आलात, त्यामुळे तो पोलिसाच्या बुटासारखा चकचकीत होता. पण रंग लागतो बाहेरून, आणि बंपरचा पाइप कुजला तो आतून. खाऱ्या वाऱ्याला आपण दोष देतो, तोही खातोच. खिडकीच्या गजांचं काय झालंय ते तुम्ही बघितलंयत. पण बंपर खाल्ला तो मासळीच्या लिलावानंतरच्या भाड्यांनी. सीटमागे मासळीचे खोके ठेवले की बर्फाचं पाणी झिरपतं, ते मागच्या पत्र्यावरून ओघळत बरोबर बंपरवर येतं. जुन्या पाइपाची तोंडं चेपून वेल्डिंगनं बंद केलेली होती. त्या वेल्डिंगला सुईएवढी भोकं राहिली की पाणी आत शिरतं आणि मग त्याला बाहेर यायला वाट नाही. वर्षानुवर्षं ते आतच.

हातोडीनं वाजवून बघितलं. वरच्या अंगाला टण्ण वाजतंय, खालच्या अंगाला थप्प. जिथे थप्प वाजलं तिथे स्क्रू-ड्रायव्हर टेकवून नुसता दाबला, तर रंगाचा पापुद्रा फुटून तो मुठीपर्यंत आत गेला. ओढला तसं चहाच्या रंगाचं पाणी आणि गंजाच्या खपल्या बाहेर आल्या, आणि वास आला तो शिळ्या बांगड्याचा. मांजर लगेच हजर. आता अशा पाइपाला टाका कुठे मारणार? वेल्डिंग धरायला दोन्ही बाजूंना निरोगी लोखंड लागतं. कागदाएवढ्या उरलेल्या पत्र्याला रॉड टेकवला की जोड व्हायच्या आधी भोक पडतं, ते बुजवायला जावं तर शेजारी दुसरं. दापोली रस्त्यावरचा वेल्डिंगवाला स्वतः म्हणाला, "ताई, माझी मजुरी होईल, तुमचं काम व्हायचं नाही." धंदा सोडून खरं बोलणारा माणूस, म्हणून पुढचं काम त्यालाच दिलं.

आणि बंपर शोभेची वस्तू आहे असं कुणी म्हणू नये. आंजर्ल्याच्या बाजूला एका पाखाडीच्या तोंडाशी चाक तांबड्या चिखलात रुतलं, दोन पोरं मागून बंपर धरून उचलायला लागली, तर डावी बाजू त्यांच्या हातात आली. आत शाळेच्या बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी उतरते, तुम्ही आधी रिक्षा गोळा करा." हे तुम्हाला सांगणार नव्हते, पण स्टँडवरून कुणीतरी कळवलंच असणार.

आता दुसरा आक्षेप. "नवा घ्यायचाच होता तर स्टीलचा घ्यायचास, जन्माचा झाला असता." बघून आले. खेडला दुकानात तयार मिळतो, साडेतीन हजार सांगत होते. दुकानदारानं खिशातून लोहचुंबक काढून लावून दाखवलं, "बघा, चिकटत नाही, अस्सल स्टील." तुमचीही परीक्षा हीच. पण बाबा, २०२ नंबरचं स्टीलही लोहचुंबकाला चिकटत नाही आणि ३०४ नंबरचंही नाही. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त. घाटावर ते चालून जातं. इथे समुद्राच्या तोंडावर त्याला पहिल्याच पावसाळ्यात तांबूस डाग धरतात. खाऱ्या पाण्यात खरं टिकतं ते ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं. पण त्याची किंमत विचारायलाही मी गेले नाही. बिलावर नंबर लिहून द्या म्हटलं तर दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. त्यातच काय ते कळलं.

म्हणून पाण्याच्या नळाचा जी.आय. पाइप घेतला, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी. एक इंची, बी क्लास, म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. ए क्लास २.६ चा येतो, तो स्वस्त पडला असता, पण धक्क्याला चेपतो. सी क्लास ४ मिलिमीटरचा, तो उगाच जड. आठ फूट लागला, वजन सहा किलोच्या आसपास. जी.आय. घेण्याचं कारण एकच: जस्ताचा थर आतूनही असतो. जिथे तुमचा ब्रश कधीच पोचला नाही तिथे तो आधीपासून बसलेला आहे. आणि जस्त नुसतं झाकत नाही, ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. बोटींच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे बसवतात ना, ते याचसाठी.

पण जस्ताचं एक दुखणं आहे. वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळून जातं आणि लोखंड उघडं पडतं. म्हणून ठरवलं, वेल्डिंग कमीत कमी. कोपरे तुकडे जोडून न करता पाइप थंडाच बेंडरमध्ये घालून वाकवून घेतला. दोन्ही तोंडांना आटे पाडून नळाच्याच टोप्या बसवल्या, प्लंबर हसला, "ताई, याला तोटी कधी लावताय?" वेल्डिंग फक्त दोन ठिकाणी, ब्रॅकेटच्या पट्ट्यांना. तिथलं जस्त आधी कानशीनं घासून काढलं, कारण जळत्या जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आई, दूध प्यायलं की तो बाधत नाही असं सगळे म्हणतात, त्यात तथ्य नाही. वारा ज्या अंगानं येतो त्या अंगाला उभं राहायचं, बस. मी तर लांब पायरीवर बसले होते.

जुना काढायलाच खरा घाम आला. चार बोल्टांपैकी तीन डिझेल-रॉकेल पिऊन निमूट सुटले. चौथा, सायलेन्सरच्या अंगाचा, गंजून ब्रॅकेटशी एकजीव झालेला. सतराचा पाना लावला तर त्याची डोकीच गोल झाली. तापवला असता तर सुटला असता, पण पेट्रोलची नळी तिथून हातभर अंतरावर. तिथे ज्योतही नको आणि ग्राइंडरची ठिणगीही नको. करवतीची चौकट आत मावत नव्हती. शेवटी नुसतं पातं काढलं, एका टोकाला फडकं गुंडाळून मुठीत धरलं आणि पालथी पडून कापत बसले. अर्धा कापल्यावर छिन्नीचा एक ठोका, आणि डोकी टुणकन उडून तुळशीपाशी गेली. बोटांना फोड आले होते, ते बसले.

नवे बोल्ट साध्या नटांनी आवळले नाहीत. इंजिनच्या थरथरीनं साधा नट सुटतो, म्हणून नायलॉनची कडी असलेले नायलॉक नट घातले, आट्यांना ग्रीस लावून. पुढच्या वेळी सोडवायची पाळी आली तर पातं धरून बसायला नको.

माप घेताना तीन गोष्टी बघितल्या, त्या तुम्हीही बघितल्या असत्यात. इंजिनचं झाकण पूर्ण उघडतंय का, नंबर प्लेट आणि दोन्ही लाल दिवे उघडे राहतात का, सायलेन्सर आणि पाइप यांत चार बोटं जातात का. पुठ्ठ्याचा साचा करून आधी तो रिक्षाला लावून बघितला, मगच पाइप वाकवायला दिला. जुन्यापेक्षा बाहेर इंचभरही जाऊ दिला नाही. स्टँडवर एकानं घाबरवलं होतं की असले गार्ड आता चालत नाहीत. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना कळवलं होतं, ते गाड्यांना परस्पर बसवलेल्या बुल बारबद्दल, म्हणजे पुढच्या जाड लोखंडी गार्डबद्दल. तरीपण आर.टी.ओ.च्या पासिंगला शंका नको. रिक्षा आठ वर्षांच्या वर गेल्यामुळे आता दर वर्षी न्यावी लागते, तिथे मापावरून वाद घालत बसण्यापेक्षा इथेच माप पाळलेलं बरं.

वेल्डिंगच्या जागी जस्ताचा स्प्रे मारायचा होता आणि या हवेत लोखंड कोरडं होणार कसं? पडवीत टांगलेले कपडे तीन-तीन दिवस ओले असतात. मग सकाळी आंघोळीचं पाणी तापवून झाल्यावर न्हाणीतल्या चुलीतले निखारे पुढे ओढले आणि पाइपाच्या त्या दोन जागा त्यावर धरल्या, हाताला सोसेल एवढी कोमट होईपर्यंतच. ओल उडाली. मग पाइप तिथून पार पुढच्या पडवीत नेऊन, विस्तवापासून लांब, वायर ब्रश मारून स्प्रे केला. टोप्यांच्या आट्यांवरही मारला, कारण आटे पाडताना तिथलं जस्त निघालेलं असतं. आणि सगळ्यात खालच्या जागी सहा मिलिमीटरचं भोक पाडून ठेवलंय. ते मुद्दाम आहे, आल्याआल्या एम-सील लावून बुजवू नका! पाणी शिरलं तर त्याला जायला वाट हवी.

काळा रंग दिलेला नाही. तुम्ही म्हणणार नागडा दिसतो. दिसू दे. नव्या जी.आय.वर साधा ऑइलपेंट धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात आणि त्यांच्याखाली पाणी कोंडून राहतं. शिवाय रंग नसला की गंज जिथे धरेल तिथे दिसेल. लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवली आहे, रात्री चांगली चमकते. मासळीचं भाडं झालं की घरी आल्यावर तांब्याभर गोडं पाणी मारते, तेवढं केलं की पुरे.

हिशोब: पाइप आणि टोप्या ७६०, वाकवणं, आटे आणि वेल्डिंग मिळून ४५०, जस्ताचा स्प्रे ४२०, भंगारातल्या पट्ट्या ६०, नट-बोल्ट ११०. एकूण १,८००. स्प्रेचा डबा अर्ध्याहून जास्त शिल्लक आहे, तो खिडकीच्या गजांना वापरणार. जुना बंपर भंगारवाल्याला दिलेला नाही, तुम्ही केलेला म्हणून गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय. येऊन स्वतः वाजवून बघा आणि मग काय बोलायचं ते बोला.

हे सगळं आत्ताच का काढलं, तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बंदरावर भाडं नाही, पर्यटक नाहीत, रिक्षा दोन दिवस उभी राहिली तरी चूल थांबत नाही. नारळी पौर्णिमेनंतर मला श्वास घ्यायला वेळ नाही, आणि गणपतीत खेड स्टेशनची भाडी सोडून कोण दुरुस्ती करणार?

आई, आता तुझं. न्हाणीच्या चुलीत लोखंड घातलं म्हणून तू रागावणार, पण चूल सारवून घेतली आहे. तुझी कोकमं वरच्या फळीवर आहेत, बरणीला ओल लागलेली नाही, सोलं मऊ आहेत. मागच्या पागोळ्यांखाली अळू इतकं माजलंय की शेजारी नेऊनही संपत नाही. हातांची काळजी करू नकोस, खोबरेल लावते. आणि जेवते वेळेवर. रात्री नऊनंतर भाडं घेत नाही, हे बाबांनाही सांग, कारण ते मला हेच विचारायला फोन करतात आणि मग बंपरवर घसरतात.

बाबांची डोळ्यांच्या डॉक्टरांकडची पुढची तारीख कोणती ते कळव. दादाला म्हणावं, मांडवी एक्सप्रेसचं तिकीट ठाण्याहून खेडपर्यंतच काढ, रत्नागिरीपर्यंत नको. स्टेशनवर मी रिक्षा घेऊन येते. गणपतीच्या गाड्या मिनिटांत भरतात, त्यानं "बघतो" म्हणत बसू नये. आणि त्याच्याकडे बाबांचा सोळा-सतराचा रिंग पाना गेलाय, दोन वर्षांपूर्वी नेलेला. तो पिशवीत टाकून आणा. माझा उघड्या तोंडाचा पाना आता ढिला पडलाय.

तुमची,
ताई