चुकवून मारणारा बॉक्सर भित्रा नसतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नाशिकमधील शालेय व जिल्हा पातळीवरच्या बॉक्सिंगच्या लढती पाहताना एक गोष्ट सतत खटकते, म्हणून हे पत्र. हात चालवत नुसता पुढे घुसणाऱ्या मुलाला टाळ्या मिळतात आणि प्रतिस्पर्ध्याचा ठोसा चुकवून त्याच क्षणी उलट ठोसा देणाऱ्याला मात्र ‘पळतोय, घाबरतोय’ असे ऐकावे लागते. कुस्तीच्या आखाड्यात डावाला प्रतिडाव टाकणाऱ्या मल्लाला मनापासून दाद देणारे आपण रिंगजवळ बसलो की ही नजर कुठे हरवते?

अशा उलट ठोशाचा, म्हणजे ‘काउंटर’चा, सर्वांत साधा प्रकार पाहिला, तरी त्यामागची मेहनत ध्यानात येईल. समोरच्याचा डावा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा, येताच डोके जेमतेम त्याच्या मुठीइतके उजवीकडे न्यायचे, म्हणजे ठोसा डाव्या खांद्यावरून निघून जातो. या हालचालीत शरीराचा भार आपसूक उजव्या पायावर आलेला असतो आणि तोच पाय रेटून, कंबर वळवून उजवा हात सरळ हनुवटीवर जातो. समोरच्याचा डावा हात अजून परतलेला नसल्याने त्याची ती बाजू उघडी असते, शिवाय तो स्वतःच पुढे येत असल्याने ठोशाचा जोर वाढतो. २०१२ च्या डिसेंबरमध्ये लास वेगासला सहाव्या फेरीत मेक्सिकोचा व्यावसायिक बॉक्सर हुआन मॅन्युएल मार्केझने फिलिपिन्सच्या मॅनी पॅकियाओला एकाच उजव्या ठोशात आडवे केले, ते पॅकियाओ पाऊल पुढे टाकत असतानाच.

शहरातल्या एका लढतीत पहिल्या फेरीत एक मुलगी हेच फार सुरेख करत होती. नजर प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर, उजवा हात गालाशी, आणि जॅब आला की लगेच उत्तर. फेरी संपताच तिच्याच बाजूच्या मंडळींनी ‘पुढे जा, मार’ असा गिल्ला केला. दुसऱ्या फेरीत ती पुढे घुसली आणि अकारण डोक्यावर ठोसे खात राहिली. वाढत्या वयातल्या मुलांच्या डोक्याला बसणारा प्रत्येक टाळता येण्याजोगा मार टाळलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

अर्थात, नुसती वाट पाहत बसणाऱ्याला हौशी बॉक्सिंगच्या तीन फेऱ्यांत वेळ पुरत नाही. अधूनमधून स्वतः जॅब टाकून समोरच्याला मारायला भाग पाडावे लागते. प्रशिक्षकांनीही घाई करू नये. गार्ड, म्हणजे चेहरा झाकणारी हातांची ठेवण, पक्का होण्याआधी हे चुकवून मारणे शिकवले, तर मुले डोके हलवताना उजवा हात खाली सोडतात किंवा कमरेतून वाकून जमिनीकडे पाहतात आणि हुलकावणीला हमखास फसतात. एकाने फक्त जॅब मारायचा, दुसऱ्याने फक्त चुकवून उत्तर द्यायचे, तेही निम्म्या वेगाने, असा सराव आधी पुरेसा व्हावा.

स्पर्धेच्या आयोजकांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक फेरीला गुण देताना पंच स्वच्छ लागलेले ठोसे, तंत्र व डावपेचातील वरचढपणा पाहतात, एवढे तरी लढतींपूर्वी ध्वनिक्षेपकावरून पालकांना मराठीत समजावून सांगावे आणि फेरी चालू असताना बाहेरून सूचना ओरडणाऱ्यांना तिथल्या तिथे थांबवावे.

आपला,
एक बॉक्सिंगप्रेमी वाचक, पंचवटी, नाशिक