मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, रिपोर्टचा फोटो मिळाला. ‘पिकला की काढू’ हे तुमचं म्हणणं जुन्या ऑपरेशनला धरून आहे. तेव्हा कच्च्या भिंगाचा गर आत चिकटून राही, म्हणून थांबत. आता फेको या नव्या पद्धतीत जेमतेम अडीच मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेतात. ते जितकं कडक, तितकी जास्त ऊर्जा लागते आणि कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या थरातल्या पेशी मरतात. त्या पुन्हा तयार होत नाहीत. मग कॉर्निया सुजतो आणि ऑपरेशन चांगलं होऊनही नजर कित्येक दिवस धूसर राहते.

थांबण्यात दुसरा तोटा मापाचा. काढलेल्या भिंगाच्या जागी बसवायच्या लेन्सचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून काढतात. लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकतो. प्रकाशाचं मशीन डोळ्याला न टेकता मोजतं, पण दाट मोतीबिंदूतून प्रकाश आरपार जात नाही. मग अल्ट्रासाउंडची कांडी टेकवावी लागते. ती जरा दाबली गेली की डोळा आखूड मोजला जातो आणि नंतर मायनस नंबर निघतो.

सगळ्यात महत्त्वाचं: प्रोस्टेटची टॅम्सुलोसिनची गोळी घेता, हे तपासणीतच सांगा. बीपी-शुगरच्या गोळ्या सगळे सांगतात, ही राहून जाते. तिच्यामुळे बाहुली नीट मोठी होत नाही आणि बुबुळाचा पडदा लुळा पडून छेदाकडे धावतो. आधी कळलं तर सर्जन औषध आणि बाहुली ताणून धरणारी रिंग तयार ठेवतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. बंद करूनही परिणाम राहतो.

लेन्स मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतरावरचं स्पष्ट दाखवणारी, घ्या, असं माझं मत. जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकलने चष्मा कमी लागतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, आणि तुम्ही अंधारात स्कूटर काढणं सोडणार नाही! वाचायला चष्मा लागेल, लागू दे. सिलिंडर नंबर (कॉर्नियाच्या वाकड्या गोलाईचा) बराच असेल तर मात्र तो दुरुस्त करणारी टोरिक लेन्स विचारा. ती एक अंश फिरली तर सुमारे तीन टक्के असर जातो.

आई, ऑपरेशननंतरच्या थेंबांचं खातं तुझ्याकडे. हात धुऊन खालची पापणी ओढायची, एकच थेंब, बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा मिनिटभर दाबायचा. दुसरं औषध पाच मिनिटांनी. स्टेरॉइडचे थेंब चिठ्ठीप्रमाणे हळूहळू कमी करायचे. लाली गेली म्हणून एकदम थांबवलं की सूज उलटते, आणि उरलेली बाटली पुढे वापरत राहिलं तर डोळ्याचा दाब वाढतो.

थोडं खुपणं, पाणी येणं चालतं. पण दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा आलेली नजर कमी झाली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तासांचा हिशेब असतो.

तारीख रंगपंचमीनंतरची घ्या. गेर, म्हणजे इंदूरची रंगांची मिरवणूक, पाहायला बाबा राजवाड्यावर गेल्याशिवाय राहायचे नाहीत, आणि ताज्या डोळ्यात गुलाल नको.

तुमची,
धाकटी