काउंटरवरची मोजपट्टी

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. गावात मेडिकल टाकतोयस, फार बरं वाटलं. फ्रीजचं विचारलंस, ते फोनवर बोलू. आधी एका मावशींचं ऐक.

दर महिन्याला मुलाच्या ओलांझापिनच्या गोळ्या न्यायला यायच्या. मुलाला स्किझोफ्रेनिया. औषधाने कानातले आवाज थांबले, झोप लागू लागली, घर सावरलं. वर्षभर मी नुसत्या पट्ट्या मोजून दिल्या. मग एकदा मावशी सहज म्हणाल्या, "दोनदा पँट शिवली हो, आता तीही होत नाही. रात्री चारदा लघवीला उठतो." साखर तपासायला लावली, मधुमेह निघाला. या औषधाने भूक, वजन, साखर वाढते, हे आपण डी.फार्मला पाठ केलं होतं रे! साखर सुरुवातीला, तीन महिन्यांनी, मग वर्षाला एकदा बघायची, एवढं तरी मी सांगायला हवं होतं.

गंभीर मानसिक आजाराची माणसं इतरांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तीही बहुतेक हृदयविकारासारख्या शरीराच्या दुखण्यांनी. छातीत दुखतंय म्हटलं तरी 'मनाचंच असेल' म्हणून सोडून देतात. मानसोपचारतज्ज्ञ लांब शहरात. आपल्यासमोर मात्र घरचं कुणीतरी महिन्याला उभं असतं.

म्हणून वजनकाटा आणि मोजपट्टी ठेवच. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८०च्या वर गेली की डॉक्टरांकडे पाठव. क्लोझापिनवाल्याला (तेही स्किझोफ्रेनियाचंच औषध) पोट साफ होतं का ते विचार, लाजू नकोस. आतडी मंदावतात, दुर्लक्ष झालं तर जिवावर बेततं. त्याला ताप आला, घसा दुखला तर पॅरासिटामॉलवर भागवू नकोस, रक्तातल्या पांढऱ्या पेशी लगेच तपासायला लाव, या औषधाने त्या घटू शकतात. विडी सोडली तरी डॉक्टरांना कळवायला सांग, धूर थांबला की रक्तातलं क्लोझापिन वाढतं. (तंबाखू चघळणाऱ्याचं तसं नाही, हा परिणाम धुराचा.) आणि लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) घेणाऱ्या आजींना गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकची वेदनाशामक गोळी देऊ नकोस, लिथियम अंगात साठतं.

हे सगळं हळू आवाजात. गावात दुकानातला शब्द पारावर पोचतो. मी आत एक स्टूल ठेवलंय.

गेल्या महिन्यात तो मुलगा स्वतः आला. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन, म्हणजे साखरेची गोळी, सुरू केलीय. चप्पल काढून काट्यावर उभा राहिला, तीन किलो उतरलं होतं. "काका, वहीत लिहा," म्हणाला. लिहिलं.

दुकानाची तारीख ठरली की कळव, येतोच.

तुझा,
जुना बाकसोबती