गोळ्या थांबवू नकोस

सोलापूर

प्रिय मल्लू,

तुझा फोन झाल्यापासून मन थाऱ्यावर नाही. रिपोर्टात एचआयव्हीचा विषाणू सापडत नाही, पण सीडीफोर, म्हणजे रक्तातल्या त्या संरक्षक पेशींचा आकडा, काही केल्या वर सरकत नाही, म्हणून कुणीतरी सांगितलेली प्रतिकारशक्तीची पावडर घ्यायची आणि तोवर एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या, बंद ठेवायची, असं तुझ्या डोक्यात आहे. तसं करू नकोस. का ते नीट लिहितो. मी हा विषय पोरांना शिकवतो, आणि तू माझा मित्र आहेस.

आपल्या पेशी एकमेकींना प्रथिनांतून निरोप धाडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. जंतू शिरला की हे निरोप सुटतात आणि पेशी कामाला लागतात. आपल्याकडे गिरणीचा भोंगा झाला की अख्खी चाळ उठायची, तसं. पण एचआयव्ही जाग्या झालेल्या सीडीफोर पेशीतच जोमाने वाढतो. टीएनएफ-अल्फा या सायटोकाइनच्या निरोपाने पेशीत एनएफ-कप्पा-बी हा जनुकं चालू करणारा घटक चेतला की तो विषाणूची जनुकंही चालू करतो. म्हणजे भोंगा वाजतच राहिला तर फावतं विषाणूचंच.

इंटरल्यूकिन-२ची गोष्ट तर तू ऐकायलाच हवी. टी पेशी (सीडीफोर त्यांतल्याच) वाढवणारं हे सायटोकाइन १९७६ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलं. ते घालून पेशी जगवल्या, म्हणून १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत बारे-सिनूसी, माँतान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा विषाणू हाती लागला. पुढे रुग्णांना एआरटीच्या जोडीने इंटरल्यूकिन-२चीच इंजेक्शनं देऊन पाहिली. एस्प्रिट आणि सिल्कॅट या दोन चाचण्यांत मिळून ५,८०० रुग्ण होते. सीडीफोर छान वाढला. पण २००९ साली निकाल आला तेव्हा ना आजारपणं कमी झाली होती, ना मृत्यू. आकडा फुगला, माणसाच्या पदरात काही पडलं नाही. एवढं तोलूनमापून दिलेल्या औषधाची ही गत, मग त्या पावडरीवर मी कसा विश्वास ठेवू?

आणि गोळ्या थांबवल्या तर काय होतं, तेही तपासून झालंय. स्मार्ट चाचणीत सीडीफोर बरा दिसला की औषध थांबवायचे. २००६ साली कळलं, थांबवणाऱ्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही जास्त. त्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ हे दाहाचं सायटोकाइन वाढलेलं होतं, म्हणजे दाह पुन्हा पेटला होता. मल्लू, हा दाह शांत ठेवायचं काम तुझ्या त्या रोजच्या गोळीचं आहे.

या प्रथिनांच्या अभ्यासातून चांगलंही निघालं. रँटिससारखी केमोकाइन (पेशींना बोलावून घेणारी सायटोकाइन) विषाणूला अडवतात हे १९९५ साली दिसलं, वर्षभरात विषाणू आत शिरतो ते सीसीआर-५ हे पेशीचं दार सापडलं, आणि २००७ पासून ते दार बंद करणारं मॅराव्हिरॉक औषध आहे. तुला त्याची गरज नाही. तुझा विषाणू आहे त्या गोळ्यांनीच दबलेला आहे. तो असाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून वहिनींनाही लागण होत नाही.

सीडीफोर का रेंगाळतोय हे एआरटी सेंटरच्या डॉक्टरांनाच विचारू. टीबीची तपासणीही करून घेऊ. मंगळवारी मी मोकळा आहे, जुने रिपोर्ट घेऊन सकाळीच सिव्हिलला ये. ती पावडरही आण, डॉक्टरांना दाखवू. आणि आज रात्रीची गोळी घे.

तुझा,
शिवा